हृदयातली चोरवाट

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असे सरांनी सांगितले तेव्हा माझ्याकडे कविता नव्हती, सहलीचे वर्णनही नव्हते. होती ती ईसीजीच्या कागदाची एक पट्टी. गेले दीड वर्ष ती माझ्या जर्नलच्या फाइलमध्ये आहे. त्या पट्टीवर काय उमटले आहे हे समजून घेताना मला फीडबॅक, डीले आणि लूप हे शब्द नव्याने कळले. वर्गात ते पाठ केले होते, इथे ते माझ्याच छातीत चालू होते. म्हणून हा लेख.

ठोका चुकला

दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ब्रेडबोर्डवर ऑसिलेटर जोडून झाला होता. खाली पडलेली वायर उचलायला वाकलो, सरळ झालो आणि छातीत एक ठोका चुकल्यासारखे वाटले. पुढच्याच क्षणी हृदय सुसाट धावू लागले. पळून आल्यावर धडधड हळूहळू वाढते, तसे हे नव्हते. कोणी बटण दाबावे तसे एकदम. शर्टाच्या खिशातला पेन हलताना मला दिसत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "फ्रिक्वेन्सी किती आली?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. "बस जरा, घाबरतोस कशाला?" ते प्रेमानेच म्हणाले. दहा मिनिटांनी धडधड थांबली, तीही बटण बंद करावे तशी. व्हायव्हाचे मार्क जायचे ते गेलेच.

हे पहिल्यांदा झाले नव्हते. अकरावीपासून तीन-चार महिन्यांनी एकदा तरी व्हायचे. कारणे सगळ्यांकडे तयार असायची. आईला वाटे दृष्ट लागली. काका म्हणत ॲसिडिटी. बारावीत एका दवाखान्यात ईसीजी काढला, पण तोवर धडधड थांबलेली होती. "रिपोर्ट नॉर्मल आहे, अभ्यासाचे टेन्शन घेऊ नका," असे सांगून आम्हाला घरी पाठवले. मलाही पुढे तसेच वाटू लागले की आपणच भित्रे आहोत. खरे सांगायचे तर धडधडीपेक्षा या वाटण्याचा त्रास जास्त होता.

मग एका रात्री हॉस्टेलमध्ये अकराच्या सुमारास सुरू झाले ते अर्धा तास झाला तरी थांबेना. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. रूम पार्टनर घाबरला. "काहून बे, काय होऊन राह्यलं तुले?" म्हणत तो रेक्टर सरांकडे धावला. सरांनी एक प्रश्नही न विचारता गाडी काढली. शेगावातल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा हृदय अजून धावतच होते आणि हेच माझे नशीब. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग बाकीचे विचारले. माझ्या फाइलमध्ये आहे ती हीच पट्टी.

ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि पाच लहान मिळून एक मोठा चौकोन 0.20 सेकंदाचा. 300 ला दोन ठोक्यांतल्या मोठ्या चौकोनांनी भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. माझ्या पट्टीवर दोन ठोक्यांत दीड चौकोन होता. 300 भागिले दीड. दोनशे!

हृदयाचे वायरिंग

आता थोडी थिअरी. हृदयात वर दोन कप्पे, त्यांना अलिंद म्हणतात. खाली दोन कप्पे, ती निलये. वरच्यांनी आधी आकुंचन पावून रक्त खाली ढकलायचे, मग खालच्यांनी ते फुप्फुसांकडे आणि शरीराकडे पाठवायचे, असा क्रम आहे. हा क्रम विजेच्या संकेतावर चालतो.

उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात एसए नोड आहे. हा आपला क्लॉक जनरेटर. विश्रांतीत मिनिटाला 60 ते 100 स्पंद देतो. तो संकेत दोन्ही अलिंदांत पसरतो. अलिंद आणि निलये यांच्या मध्ये मात्र तंतुमय पेशीजालाचे वलय असते आणि त्यातून वीज जात नाही. थोडक्यात, मधे इन्सुलेशन आहे. खाली जायला एकच अधिकृत रस्ता: एव्ही नोड. त्याच्या पुढे हिस बंडल, मग तिच्या डाव्या-उजव्या शाखा, मग पुर्किंजे तंतूंचे जाळे. हिस बंडलचा शोध 1893 चा, विल्हेल्म हिस यांचा. एव्ही नोड 1906 मध्ये जपानच्या सुनाओ तावारा यांनी दाखवला आणि एसए नोड 1907 मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी.

एव्ही नोड हा रस्ता नसून रेल्वे फाटक आहे असे समजा. संकेत इथे साधारण दहावा भाग सेकंद थांबतो. या उशिरामुळेच अलिंदांना रक्त खाली ढकलायला वेळ मिळतो. फाटकाचा दुसरा गुण असा, की संकेत जितके लवकर लवकर येतील तितका हा नोड प्रत्येकाला अधिक उशीर लावतो आणि फारच गर्दी झाली तर काही संकेत सरळ अडवतो. अलिंदांत गोंधळ माजला तरी निलये त्यातून वाचतात ती या फाटकामुळे.

जास्तीची वायर

गर्भात हृदय तयार होत असताना अलिंद आणि निलये स्नायूंनी एकमेकांना जोडलेली असतात. पुढे इन्सुलेशनचे वलय पूर्ण होते आणि ते जोड तुटतात. काही जणांत स्नायूचा एखादा बारीक धागा तसाच राहून जातो. साध्या डोळ्यांनी दिसणारही नाही एवढा. फाटक चुकवून जाणारी ही चोरवाट. डॉक्टर हिला ॲक्सेसरी पाथवे म्हणतात. ईसीजीवर दिसू शकेल अशी वाट साधारण हजारात एक ते तीन जणांत असते. त्यातल्या अनेकांना जन्मभर काहीही होत नाही.

ही वाट ईसीजीवर दिसते कशी? चोरवाटेवर फाटक नाही, उशीर नाही. त्यामुळे संकेत तिच्यातून आधी निलयात पोचतो आणि तिथल्या स्नायूत हळूहळू पसरू लागतो. एवढ्यात नेहमीच्या रस्त्याने आलेला संकेत पुर्किंजेच्या जलद जाळ्यातून पोचतो आणि उरलेले काम उरकतो. ठोका दोन्ही लाटांचा मिळून बनतो. म्हणून कागदावर तीन खुणा दिसतात. पहिली, पी लाटेच्या सुरुवातीपासून मोठ्या टोकदार लाटेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर तीन लहान चौकोनांपेक्षा, म्हणजे 0.12 सेकंदापेक्षा कमी. दुसरी, त्या टोकदार लाटेच्या पायथ्याशी तिरका चढ. याला डेल्टा लाट म्हणतात. तिसरी, ती लाट नेहमीपेक्षा रुंद.

1930 मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी असे ईसीजी असलेल्या 11 जणांची माहिती एकत्र छापली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच हे निरोगी तरुण असल्याचे म्हटले होते. मधूनच हृदय धावते, एरवी ठणठणीत. पहिला रुग्ण तर 35 वर्षांचा व्यायामशिक्षक होता! या तिघांच्या नावाने हा विकार आज डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणून ओळखला जातो. कारण मात्र त्या तिघांना नीट सांगता आले नव्हते. हिस बंडलच्या एका शाखेत अडथळा असावा असे त्यांना वाटले होते. जास्तीच्या वाटेचा विचार इतरांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत मांडला.

धुऱ्यावरची आग

चोरवाट आहे हे कळले. पण मग हृदय रोज का धावत नाही? आणि धावले की थांबत का नाही? मला हेच कोडे पडले होते. ते सुटले बाबांमुळे. बाबा शेतकरी आहेत. उन्हाळ्यात वावराच्या धुऱ्यावरचे वाळलेले गवत पेटवतात ते मी लहानपणापासून पाहतो.

समजा वावराच्या चारही बाजूंनी धुरा आहे आणि एका कोपऱ्यात काडी लावली. आग दोन्हीकडून निघेल, समोरच्या कोपऱ्यात भेटेल आणि विझेल. कारण दोन्ही बाजूंना जळून गेलेले गवत आहे, पुढे जायला काही उरले नाही. आता समजा काडी लावली तेव्हा एका बाजूचा तुकडा ओला होता. आग त्या बाजूने जाणार नाही, फक्त दुसऱ्या बाजूने पूर्ण वळसा घालेल. ती फिरून येईपर्यंत ओला तुकडा वाळला असेल तर आग त्यातून मागच्या दिशेने पार होऊन पुन्हा सुरुवातीच्या कोपऱ्यात येईल. आणि समजा, कल्पना म्हणून, तिथे तेवढ्यात नवे गवत उगवून वाळलेही असेल, तर? आग फिरतच राहील. काडी एकदाच लावली होती, पण आता तिची गरजच नाही.

शेतात गवत एवढ्या लवकर उगवत नाही. हृदयात उगवते. प्रत्येक पेशी एकदा पेटली की सेकंदाचा साधारण पाव भाग मुर्दाड असते, दुसरा संकेत घेत नाही. मग पुन्हा तयार. फिरत्या आगीसाठी तीन अटी: बंद वलय हवे, सुरुवातीला एका बाजूने अडथळा हवा आणि फेरीला लागणारा वेळ पेशींच्या मुर्दाड काळापेक्षा जास्त हवा. जॉर्ज माइन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1913 आणि 1914 मध्ये प्राण्यांच्या हृदयातून कापलेल्या वलयांवर हे दाखवले. माणसाच्या हृदयात अलिंद आणि निलय यांना जोडणारा जास्तीचा धागा असला तर अशीच फेरी चालेल हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवले. 1914 मध्येच तो वारला, अवघ्या 28 व्या वर्षी.

आता हीच फेरी आकड्यांत पाहू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. चोरवाटेचा मुर्दाड काळ 280 मिलिसेकंद, एव्ही नोडचा 250. नेहमीचा संकेत शून्य वेळेला दोन्हींतून खाली गेला. अशा वेळी दोन्ही लाटा निलयात एकमेकींवर आदळून विझतात, फेरी होत नाही. पण 260 मिलिसेकंदांनी अलिंदात एक आगाऊ ठोका पडला. असे चुकार ठोके सगळ्यांनाच कधी ना कधी पडतात. हा ठोका चोरवाटेशी गेला तर ती अजून 20 मिलिसेकंद मुर्दाड. ओला तुकडा! नोड मात्र तयार होता. त्याने संकेत घेतला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे जास्त उशीर लावत 160 मिलिसेकंदांनी खाली सोडला. निलयातून चोरवाटेच्या खालच्या टोकाला पोचायला आणखी 50. एव्हाना घड्याळात 470 झाले. चोरवाट केव्हाच ताजी झाली आहे. संकेत तिच्यातून उलटा वर चढतो, 20 मिलिसेकंद. अलिंदातून पुन्हा नोडपाशी, 70. घड्याळात 560. नोड 510 लाच मोकळा झाला होता. पुन्हा खाली. पुन्हा वर. एक फेरी 300 मिलिसेकंदांची, म्हणून मिनिटाला 200 ठोके. एसए नोड बिचारा बाजूला राहतो. त्याचा स्पंद निघायच्या आत फेरी त्याला गाठते.

ऑसिलेटर शिकताना आपण दोन अटी घोकतो: लूप गेन एक आणि फेज पूर्ण चक्राची. हृदयात गेनची चिंता नाही. प्रत्येक पेशी रिपीटरसारखी संकेत नव्याने पूर्ण ताकदीने पुढे देते, तो क्षीण होतच नाही. सगळा खेळ डीलेचा. व्हायव्हात मी ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सांगू शकलो नाही, कारण तेव्हा मीच ऑसिलेटर झालो होतो!

एक गंमत पाहा. धडधड चालू असतानाच्या माझ्या पट्टीवर डेल्टा लाट नाही, टोकदार लाटा अरुंद आहेत. मला वाटले चुकले काहीतरी. पण फेरीत संकेत खाली जातो तो नेहमीच्याच रस्त्याने, चोरवाट फक्त परतीला वापरली जाते. मग डेल्टा येणार कुठून? या विकारातल्या बहुतेक फेऱ्या अशाच असतात. थोड्या जणांत फेरी उलट फिरते, चोरवाटेने खाली आणि नोडने वर, तेव्हा लाटा रुंद दिसतात. काहींची चोरवाट तर फक्त वरच्याच दिशेने चालते. त्यांच्या रोजच्या ईसीजीत काहीच दिसत नाही. धडधड चालू असतानाचा ईसीजी का मोलाचा, ते यावरून कळेल.

साखळीची कच्ची कडी

लूप थांबवायला तो कुठेही एकदाच तोडला तरी पुरते. सर्वांत सोपी जागा एव्ही नोड, कारण त्याचा वेग मेंदूकडून येणारी व्हेगस नस कमी करू शकते. म्हणून डॉक्टरांनी मला आधी दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज दिली आणि तिच्या तोंडातून फुंकून दट्ट्या हलवायला सांगितले, पंधरा सेकंद. लगेच पाठ खाली टेकवून रूम पार्टनरकडून माझे पाय उचलून धरवले, आणखी पंधरा सेकंद. 2015 मध्ये इंग्लंडमध्ये 428 रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली. नुसते बसून फुंकणाऱ्यांत 17 टक्के जणांची धडधड थांबली, झोपवून पाय उचललेल्यांत 43 टक्के. पाय उचलण्याला पैसे पडत नाहीत.

माझी त्या रात्री थांबली नाही. मग हाताच्या शिरेतून ॲडेनोसिन. डॉक्टरांनी आधीच सांगितले, "काही सेकंद फार वाईट वाटेल, पण ते जाईल." खरेच, छातीवर कोणी बसल्यासारखे झाले, आता संपलो असे वाटले. मॉनिटरवरची रेघ दोन-तीन सेकंद सपाट झाली. रेक्टर सरांनी माझा हात घट्ट धरला होता तो मला अजून आठवतो. आणि मग टप... टप... टप. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते. तेवढ्यात नोड बंद पडतो, फेरीतला संकेत तिथे आदळून विझतो आणि एसए नोड पुन्हा कारभार हातात घेतो.

धडधड थांबल्यावर दुसरा ईसीजी काढला. तिरका चढ स्पष्ट होता. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. आईने बारावीतली पट्टी जपून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी बाबांनी आणली. कागद फिका पडला होता, पण उजेडात धरल्यावर डेल्टा लाट तिथेही होती. दोन वर्षे ती फाइलमध्ये पडून होती. मशीनने तिचे काम केले होते, कागद कोणी नीट वाचला नव्हता. त्या क्षणी राग आला, आणि खरे सांगू, हायसेही वाटले. मी भित्रा नव्हतो.

चोरवाट धोक्याची केव्हा?

ही फेरी त्रासदायक असली तरी निरोगी हृदयात सहसा जिवावर बेतत नाही. खरा धोका वेगळा आहे. कधी कधी अलिंदांत एट्रियल फिब्रिलेशन सुरू होते, म्हणजे मिनिटाला 350 ते 600 असे बेशिस्त संकेत. साध्या माणसात फाटक बहुतेक संकेत अडवते. चोरवाटेला फाटक नाही. तिचा मुर्दाड काळ फार कमी असेल तर निलये मिनिटाला 250-300 ने अनियमित धडकू लागतात आणि त्यातून हृदय केवळ थरथरत राहण्याची, म्हणजे अचानक मृत्यूची वेळ येऊ शकते. हे दुर्मीळ आहे, पण तरुणांतही घडते.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा. नोडला थोपवणारी जी औषधे माझ्या फेरीत उपयोगी, तीच या दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकतात. ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन. फाटक बंद केले की सगळी गर्दी चोरवाटेने घुसते. अशा वेळी विजेचा झटका किंवा चोरवाटेला मंद करणारी वेगळी औषधे लागतात. म्हणून कोणाची तरी उरलेली गोळी "मला बरी पडली, तूही घे" म्हणून द्यायची नाही. आधी पट्टी, मग औषध. आपण सर्किट ट्रेस केल्याशिवाय वायर कापतो का?

वायर काढणे

अकोल्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मुंबईला जायला सांगितले. घरी चर्चा झाली. आईला 'हृदयात नळी घालणार' एवढेच ऐकू आले होते. शेजारी म्हणाले, गोळ्या घ्या, पोरगा चालता-फिरता आहे, कशाला नसती भानगड? सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते आणि ते बहिणीच्या लग्नासाठी होते. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैशाचं मंग पाहू. आधी पोराच्या छातीतलं नीट होऊ द्या." बहीण म्हणाली, "बाबा, माह्यं लग्न काही पळून नाही चाललं." विषय तिथे संपला.

या उपचाराचा इतिहास मी जाण्याआधीच वाचून काढला होता. 1967 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये डर्क ड्यूरर आणि सहकाऱ्यांनी हृदयात तारा ठेवून, मोजून-मापून आगाऊ ठोके दिले आणि ही फेरी हवी तेव्हा सुरू आणि बंद करून दाखवली. पुढच्या वर्षी, मे 1968 मध्ये, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छिमाराची छाती उघडून चोरवाट कापली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते. तेव्हा चोरवाट कापायची तर छाती उघडावी लागायची. पुढे नळीतून जाण्याचे तंत्र आले. 1991 मध्ये ओक्लाहोमाच्या वॉरेन जॅकमन यांच्या गटाने 166 रुग्णांचे निकाल छापले. रेडिओफ्रिक्वेन्सी करंटने त्यातल्या 164 जणांची चोरवाट बंद झाली होती.

हा करंट साधारण 500 किलोहर्ट्झचा, म्हणजे मीडियम वेव्ह रेडिओचा पट्टा सुरू होतो त्याच्या जरा खालचा. एवढ्या फ्रिक्वेन्सीला स्नायू आकुंचन पावत नाहीत, फक्त तापतात. नळीचे टोक टेकलेल्या जागी तापमान 50 अंशांच्या वर नेले की काही मिलिमीटर भागातल्या पेशी कायमच्या निकामी होतात. जळालेली पेशी संकेत नेत नाही. म्हणजे इन्सुलेशनचे अर्धवट राहिलेले काम पूर्ण झाले.

मला पूर्ण भूल नव्हती. जांघेच्या शिरेतून नळ्या आत गेल्या. डॉक्टरांनी बाहेरून आगाऊ ठोके देऊन माझी धडधड मुद्दाम सुरू केली. इतकी वर्षे जी मनाला येईल तेव्हा यायची, ती आज बटणावर आली. मग शोध: परत येणारा संकेत अलिंदात सर्वांत आधी कुठे पोचतो? प्रोब सरकवत फॉल्ट शोधावा तसेच. माझी वाट डाव्या बाजूला निघाली. नोडच्या अगदी जवळ असती तर नोडच जळण्याचा आणि मग पेसमेकर बसवण्याचा धोका जास्त असता, हे त्यांनी आधीच समजावून सही घेतली होती. करंट सुरू झाला, छातीत जळजळ झाली आणि काही सेकंदांत कोणीतरी म्हणाले, "गेला डेल्टा." मान वळवून मी स्क्रीन पाहिला. तिरका चढ नव्हता. लाट सरळ उभी होती. रात्रभर पाय न हलवता पडून राहिलो आणि दोन दिवसांनी रेल्वेने शेगावला आलो.

काही जणांत वाट पुन्हा जिवंत होते आणि उपचार परत करावा लागतो. माझी आजवर झालेली नाही.

आपल्यासाठी

* बसल्याजागी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी धडधड म्हणजे टेन्शनच असे धरू नका. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहून ठेवा.
* धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. पट्टीची झेरॉक्स लगेच करा, तो कागद कालांतराने फिका पडतो.
* निदान झालेले असेल आणि डॉक्टरांनी शिकवले असेल तर फुंकून, झोपून, पाय वर करण्याचा उपाय करावा. स्वतःच मान दाबत बसू नये.
* धडधडीसोबत चक्कर, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे असे काही झाले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा.
* खेळताना किंवा पळताना कोणी शुद्ध हरपून पडला तर "उन्हाने झाले" म्हणून सोडू नका. त्याला ईसीजीशिवाय पुन्हा मैदानात पाठवू नका.
* खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सरकारी योजनेबद्दल आधीच विचारा. आम्हाला हे उशिरा कळले.

आणि शिक्षकांना एक विनंती. व्हायव्हात एखादा मुलगा किंवा मुलगी एकदम पांढरी पडून गप्प झाली, तर अभ्यास नसेल हे खरेच. पण एकदा मनगटावर बोटे ठेवून पाहा. त्याला काही सेकंद लागतात.

माझ्या बहिणीचे लग्न या उन्हाळ्यात झाले. वरातीत मी तासभर नाचलो. मधेच छातीवर हात ठेवून पाहिले. वेगाने चालले होते, पण हळूहळू वाढलेले आणि बसल्यावर हळूहळू उतरलेले. जसे तुमचे चालते तसे.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स ॲण्ड टेलिकम्युनिकेशन